फुटेज कुणाचं, नोंद कुणाची

सोयाबीनचा हंगाम लागला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून ट्रॅक्टरची रांग लागते. हर्रास होतो, काटा होतो, पट्टी बनते. कधीतरी दोन कट्टे कमी भरतात, आवाज चढतात, आणि कुणीतरी म्हणतं, "कॅमेऱ्यात पाहून घेऊ ना." मग सगळे अडत दुकानात शिरतात. काउंटरच्या मागे, वायरींच्या गुंत्यात एक काळा डबा असतो. त्याला सगळे डीव्हीआर म्हणतात. मालक म्हणतो, "थांबा भाऊ, पासवर्ड पोराकडे आहे." पोरगा पुण्याला नोकरीला. फोन लागतो, पासवर्ड मिळतो, पडदा उजळतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पडद्यावर ‘कॅमेरा ०१’ ते ‘कॅमेरा ०८’ अशी आठ नावं. काट्यावरचा कोणता, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. घड्याळ चाळीस मिनिटं पुढे. शेतकरी म्हणतो मंगळवार, हमाल म्हणतो बुधवार. अर्धा तास मागेपुढे करून सगळे कंटाळतात आणि वाद तडजोडीवर मिटतो.

त्या डब्यात चित्र होतं, बहुधा स्वच्छही असेल. नव्हती ती चित्राची नोंद. कोणता कॅमेरा, कोणती वेळ, किती लांबीचा तुकडा, तो कशामुळे साठवला गेला, कोणी पाहिला, कोणी कॉपी करून नेला, ही ती नोंद. संगणकाच्या भाषेत तिला मेटाडेटा म्हणतात. तिच्या जोडीला असते परवानगी: यातलं काय कुणाला पाहता यावं आणि कुणाला बदलता यावं. कॅमेरा विकत घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, रात्री रंगीत दिसतं का ते विचारतो. नोंद आणि परवानगी यांबद्दल कुणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. माझ्या मते कॅमेऱ्याची खरी किंमत याच दोन गोष्टींवर ठरते.

नोंद कुठे ठेवायची, याची दोन उत्तरं आहेत. ती दोन्ही कारंजा लाडच्या माणसाला ओळखीची वाटावीत. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या जपल्या गेल्या. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कुणासाठी, कुणी लिहिली. ही पोथीच्या अंगावरची नोंद. पोथी जाईल तिथे तीही जाते. दुसरी नोंद पोथीच्या बाहेर, यादीत. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरातून प्रसिद्ध केली, तीत कारंज्याचं धन पहिल्यांदा बाहेरच्या अभ्यासकांसमोर नीट मांडलं गेलं. पाचच वर्षांनी, १९३१ मध्ये, कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ छापून आलं. पोथी भांडारात आधीपासून होतीच. सूचीने तिचा पत्ता दिला. सूची हरवली तर पुष्पिका वाचून ती पुन्हा करता येते. पुष्पिकेचं पान फाटलं तर मात्र सूचीतल्या क्रमांकावर विश्वास ठेवण्यापलीकडे इलाज नाही.

कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन प्रकार आहेत. चित्राच्या कोपऱ्यात उमटलेली तारीख-वेळ आणि व्हिडिओ फाइलच्या आत दडलेले तपशील ही अंगावरची नोंद. वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवलेल्या ओळी ही बाहेरची. चांगल्या व्यवस्थेत दोन्ही असतात आणि एकमेकींशी जुळतात.

बाहेरची नोंद का लागते, ते आकडेच सांगतात. एक बऱ्यापैकी कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट चित्र पाठवतो असं धरू. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे रोजचे सुमारे ४३ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे साडेतीनशे जीबीच्या आसपास. चार टीबीची डिस्क बारा दिवसांच्या आत भरते आणि मग सॉफ्टवेअर सर्वांत जुन्या चित्रावर नवं चित्र लिहायला लागतं. ‘फुटेज डिलीट केलं’ असा आरोप गावात सहज होतो. पुष्कळदा ते कुणीही पुसलेलं नसतं, बारा दिवस उलटून गेलेले असतात, एवढंच. आता नोंदीकडे पाहा. एका घटनेची ओळ २०० बाइटची धरली आणि दिवसाला पाच हजार घटना धरल्या, तरी रोजचा एक एमबी. वर्षभराची सगळी नोंद एका कॅमेऱ्याच्या बारा मिनिटांच्या चित्राएवढ्या जागेत बसते. शोध घ्यायचा तो या एवढ्याशा जागेत. चित्र उलगडायचं फक्त सापडलेल्या ओळीपुरतं.

ही ओळ प्रत्यक्षात कशी असते, ते पाहायला झोनमाइंडर हे उघड सॉफ्टवेअर सोयीचं आहे. कारण त्याचा सगळा आराखडा कुणालाही वाचता येतो. फिलिप कूम्ब्स या माणसाच्या गॅरेजमधली अवजारं चोरीला गेली. तिथे कॅमेरा असता तर चोर कळला असता, या चुटपुटीतून त्याने ते लिहायला घेतलं आणि २००२ पासून ते लिनक्सवर चालतं आहे. त्यात चित्रं डिस्कवर फोल्डरांत राहतात आणि नोंद मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. ‘इव्हेंट्स’ नावाच्या तक्त्यात प्रत्येक घटनेची एक ओळ: क्रमांक, कॅमेरा, कारण, सुरू केव्हा, संपली केव्हा, एकूण चौकटी किती, त्यांतल्या हालचालीच्या किती, हालचालीचे गुण किती. शेजारी एक रकाना आहे ‘आर्काइव्ह्ड’ नावाचा. त्यात खूण केली की जागा भरली तरी ती घटना आपोआप पुसली जात नाही. बारा दिवसांच्या चक्रातून एखादा तुकडा वाचवायचा तो या एका खुणेने. बाजार समितीत तक्रार आली त्या क्षणी पहिलं काम हे करायला हवं; पाहणं, भांडणं मागाहून.

चित्र एकीकडे आणि नोंद दुसरीकडे ठेवली की दोघांची फारकत व्हायची भीती असते. जागा कमी पडली म्हणून कुणी फोल्डरच उडवलं, तर डेटाबेसमध्ये ओळ राहते आणि क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही. डेटाबेस बिघडला, तर डिस्कवर शेकडो तुकडे पडून असतात आणि ते कशाचे, हे सांगणारं कुणी नसतं. झोनमाइंडरमध्ये यासाठी दोन्ही बाजू ताडून पाहणारा एक वेगळा प्रोग्रामच दिलेला आहे. विकतच्या डीव्हीआरमध्ये हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या, बंदिस्त पद्धतीने चालतं. म्हणून त्यातली डिस्क काढून साध्या संगणकाला लावली तर पुष्कळदा ती रिकामी किंवा बिघडलेली दिसते.

आता वेळेकडे येऊ, कारण सगळ्या रकान्यांत हाच सर्वांत नाजूक. डीव्हीआरच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. आपल्याकडे वीज जाते-येते. बॅटरी संपलेली असेल तर डबा प्रत्येक वेळी कारखान्यातल्या तारखेवर जाऊन उभा राहतो. काही यंत्रं २००० सालच्या १ जानेवारीवर, काही थेट १९७० वर. १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच, असं फुटेज दिसलं तर चकित होऊ नये. संगणकाची कालगणना त्या दिवशीच्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजली जाते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. यावर उपाय म्हणजे नोंद जागतिक वेळेत ठेवायची, पडद्यावर दाखवताना भारतीय वेळ करायची, आणि घड्याळ इंटरनेटवरच्या विश्वासू घड्याळाशी जुळवत राहायचं. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या आणि सरकारी संस्थांना हेच सांगितलं: घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवा आणि लॉग १८० दिवस जपा. अडत दुकानाचा डबा कधी इंटरनेटला जोडला जातो, पण मालकाला मोबाइलवर दुकान दिसावं एवढ्यासाठी. घड्याळ जुळवण्याची खूण करायची राहून जाते.

वेळेच्या एका नोंदीवर काय काय अवलंबून असू शकतं, याचा महाराष्ट्रातला मोठा दाखला आज समृद्धी महामार्गाने वाशिमशी जोडलेल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर तिथे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी निवडून आले. वाद मतांचा झाला नाही, घड्याळाचा झाला. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. खोतकरांचा अर्ज मुदतीत आला नाही, असं गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ चित्रण चालू होतं. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या चित्रणाच्या सीडी मिळाल्या. मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तेव्हाच्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५-ब खाली जे प्रमाणपत्र लागत असे, ते वारंवार मागूनही निवडणूक यंत्रणेने दिलं नाही. हे रेकॉर्डिंग कोणत्या यंत्रावर, कसं झालं आणि यंत्र नीट चालत होतं का, हे सांगणारा तो कागद. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने देशभराचा प्रश्न मिटवला: मूळ यंत्रच न्यायालयात आणलं असेल तर गोष्ट वेगळी, पण कॉपी आणायची तर प्रमाणपत्र अनिवार्य. साक्षीने त्याची भरपाई होत नाही. मात्र ज्याने सगळे प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळालं नाही, त्याला त्याची शिक्षा देता येणार नाही.

तेव्हापासून कायदा आणखी नेमका झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आलं आणि त्याच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच छापला गेला. साधनांच्या चौकटींत डीव्हीआर हे नाव स्वतंत्र आहे. मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक लिहायचे. पहिला भाग कॉपी देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोघांनीही फाइलची हॅश किंमत नोंदवायची. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवर गणित करून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा येतो. चित्रातला एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. फाइल डब्यातून बाहेर पडताना हॅश काढून ठेवली, तर पुढे तीन वर्षांनी कुणीही ताडून पाहू शकतं.

आणि आपल्याकडे फुटेज डब्यातून बाहेर कसं पडतं? पेनड्राइव्ह लावायला कुणाला येत नाही, म्हणून पडद्यासमोर मोबाइल धरून त्याचं शूटिंग करतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. अनेक प्रसिद्ध ‘सीसीटीव्ही फुटेज’ हे असं पडद्याचं शूटिंग असतं. मागे बघ्यांच्या गप्पाही ऐकू येतात. कोपऱ्यातली वेळ त्यात दिसते, म्हणून लोकांना वाटतं पुरावा झाला. पण फाइलमधले मूळ तपशील गेलेले असतात आणि व्हॉट्सॲपने पुन्हा दाबून लहान केलेल्या फाइलची हॅश मूळ फाइलशी जुळणं शक्यच नसतं. बातमीला ते चालतं, खटल्याला चालेलच असं नाही.

निवडणुकांचा विषय निघालाच आहे, तर जाता जाता एक गोष्ट. २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून सीसीटीव्ही फुटेजसारख्या नोंदी सार्वजनिक पाहणीतून वगळल्या गेल्या. पुढे ३० मे २०२५ च्या पत्रात निवडणूक आयोगाने कळवलं की निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका आली नाही, तर फुटेज नष्ट करता येईल. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा, रिसोड आणि वाशिम या तिन्ही मतदारसंघांत २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं, त्याच्या महिनाभराने हा पहिला बदल. पहिला नियम परवानगीचा, दुसरा जतनाचा. दोघांचा एकत्र परिणाम असा की याचिका करायची की नाही, हे फुटेज न पाहताच ठरवावं लागतं. मला हे पटत नाही.

परवानगी नेमकी साठवायची कशी, हा वरवर कारकुनी प्रश्न आहे, पण त्यातच सगळं आहे. पाहणं ही एक गोष्ट नाही. आत्ताचं चालू चित्र पाहणं वेगळं, मागचं काढून पाहणं वेगळं, कॉपी करणं वेगळं, पुसणं वेगळं, घड्याळ आणि सेटिंग बदलणं वेगळं, नवा माणूस जोडणं वेगळं. वॉचमनला पहिलं पुरे. मुनीमाला दुसरं द्यावं. घड्याळ बदलण्याचा हक्क मात्र पुसण्याच्या हक्काइतकाच जपून द्यायला हवा. घड्याळ तासभर मागे नेलं की एकाच वेळेच्या दोन नोंदी तयार होतात आणि काहीही न पुसता सगळ्यावर शंका आणता येते.

झोनमाइंडरच्या जुन्या रचनेत प्रत्येक वापरकर्त्याच्या ओळीतच त्याचे हक्क होते: चालू चित्र, घटना, कॅमेरे, सिस्टिम, आणि प्रत्येकापुढे ‘काही नाही’, ‘पाहा’ किंवा ‘बदला’. कोणते कॅमेरे, तर त्यांचे क्रमांक स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात. घरच्या चार कॅमेऱ्यांना हे छान चालतं. पण शाळेत किंवा नगरपरिषदेत प्रश्न उलट्या बाजूने येतो: मुलींच्या वसतिगृहासमोरचा चार नंबरचा कॅमेरा कोण कोण पाहू शकतं? याला उत्तर द्यायचं तर प्रत्येक माणसाची ओळ उघडून स्वल्पविरामांमध्ये ४ शोधायचा, आणि १४, ४० मधला ४ चुकून धरायचा नाही. म्हणून नंतरच्या रचनेत परवानग्यांचा तक्ता वेगळा झाला. माणूस, कॅमेरा, हक्क. एका परवानगीला एक ओळ. आता दोन्ही बाजूंनी विचारता येतं. मी असतो तर त्यात आणखी तीन रकाने घातले असते: परवानगी केव्हापासून, केव्हापर्यंत, आणि कुणी दिली. तपासासाठी आलेल्या अधिकाऱ्याला तीन दिवसांचा हक्क द्यावा आणि तो चौथ्या दिवशी आपोआप संपावा. संस्थेचा सचिव बदलला की जुन्याचा हक्क त्या तारखेला मिटावा, पण ओळ राहावी. कारण पुढे कधीतरी विचारलं जाईल, त्या महिन्यात हे कुणाला दिसत होतं?

आणखी एक बारकी गोष्ट. चित्राची परवानगी नाकारली आणि नोंद मोकळी ठेवली, तर काम अर्धंच झालं. दारावरच्या कॅमेऱ्याची नुसती यादी पाहिली: सकाळी साडेनऊला दोन माणसं बाहेर, संध्याकाळी सहाला दोन आत, मधे काही नाही. एकही चित्र न पाहता घर केव्हा रिकामं असतं ते कळलं. ही नोंद साठवायला सोपी, शोधायला सोपी आणि म्हणूनच चोरायलाही सोपी. तिला वेगळी परवानगी हवी.

आपल्या गावांत हे सगळं ज्या एका जागी येऊन अडतं, ती जागा म्हणजे ‘ॲडमिन’ हे एकच खातं. कॅमेरे बसवणारा मुलगा पासवर्ड ठेवतो सोपा, लक्षात राहावा म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच, आणि मोबाइल ॲपचा क्यूआर कोड घरच्या ग्रुपवर टाकला जातो. मालक, मुनीम, पुतण्या, बसवणारा, सगळे ॲडमिन. नोंदीत ‘ॲडमिनने फुटेज पाहिलं’ असं येतं. ते खरं असतं आणि निरुपयोगी असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली तपासणीची चित्रं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं, तेव्हा कमजोर पासवर्डचीच चर्चा झाली. गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. तपासणीच्या खोलीत कॅमेरा होताच कशाला, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. कोणताही पासवर्ड त्याचं उत्तर देत नाही.

कायदा आता इथपर्यंत आला आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. घरगुती, खासगी वापराला कायदा लागू नाही, दुकान आणि संस्थेला आहे. माहिती कुणी हाताळावी यावर नियंत्रण, कुणी हाताळली याचा लॉग आणि तो लॉग वर्षभर जपणं, हे त्या नियमांत आहे. टप्प्याटप्प्याने ते लागू होतील.

पण परवानगीचा सर्वांत अवघड प्रश्न दुकानात किंवा शाळेत उभा राहत नाही. तो पोलीस ठाण्यात उभा राहतो. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं: प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाबाहेर, मागचं आवार. चित्राबरोबर आवाजही हवा. फुटेज १८ महिने जपायचं, ते जमत नसेल तरी वर्षाच्या खाली यायचं नाही. वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंग, शिरपूर, धनजसारख्या ठाण्यांना याचा अर्थ काय होतो, त्याचा हिशेब मघाच्याच आकड्यांनी मांडता येतो. सोळा कॅमेरे धरले, सेकंदाला चार मेगाबिट धरले, तर १८ महिन्यांचे सुमारे ३७९ टीबी. चित्राचा दर्जा उतरवून एक मेगाबिटवर आणला तरी पंचाण्णव. एवढी साठवण साध्या डीव्हीआरच्या आवाक्यातली नाही. कॅमेरे चालू ठेवणं, दुरुस्ती आणि डेटाचा बॅकअप यांची जबाबदारी न्यायालयाने ठाणेदारावर टाकली. जिल्ह्याच्या पातळीवर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि स्थानिक लोकप्रतिनिधी यांची देखरेख समिती नेमायला सांगितली आणि फुटेज तपासण्याचं काम तिला दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून न्यायालयाला या विषयाची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

इथे अडचण अशी की कॅमेरा ज्याच्यावर रोखलेला आहे, डबा त्याच्याच खोलीत आहे. ठाणेदार नेहमी वाईट असतो असं नाही. पण तक्रार त्याच्याविरुद्ध असेल तेव्हा ‘हार्ड डिस्क खराब झाली’ हे वाक्य खरं असलं तरी खरं वाटत नाही, आणि त्यात त्याचंही नुकसान आहे. चित्र ३७९ टीबीचं आहे, ते रोज जिल्ह्याला पाठवणं जमणार नाही. नोंद मात्र रोजच्या एक-दोन एमबीची आहे. कोणता कॅमेरा किती वाजता बंद पडला, केव्हा सुरू झाला, घड्याळ कुणी हलवलं, कोणत्या खात्याने काय उघडलं, प्रत्येक तासाच्या फाइलची हॅश काय, एवढं दर रात्री वाशिमला देखरेख समितीच्या ताब्यातल्या संगणकावर जाऊन पडलं, आणि तिथे ठाण्याला फक्त लिहिण्याचा हक्क दिला, पुसण्याचा किंवा बदलण्याचा नाही, तर डबा ठाणेदाराच्या खोलीतच राहिला तरी चालेल. पुढे डिस्क खरोखर बिघडली, तर ती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कशानंतर बिघडली, हे ठाण्याबाहेरच्या एका ओळीत सापडेल.